पोटाच्या मालकाला कुणी विचारलंय?

बाळ रडलं की मराठी घरात निदानाला वेळ लागत नाही. "भूक लागली असेल." बाळ आत्ताच पोटभर पिऊन झालेलं असो, दुपटं ओलं झालेलं असो, झबल्याचा बंद मानेला काचत असो, किंवा बघायला आलेल्या काकांच्या मिशा इतक्या जवळून पाहून त्याचा जगावरचा विश्वास उडालेला असो, निदान तेच. आजी म्हणते भूक, आत्या म्हणते भूक, खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातूनच निकाल देतात, "अगं, भुकेलंय लेकरू!" नेमकं काय होतंय हे ज्याला ठाऊक आहे असा त्या घरात एकच सभासद असतो आणि त्याला अजून बोलता येत नसतं. शिवाय तोवर त्याच्या तोंडात काहीतरी घातलेलंही असतं.

यथावकाश तो बोलायला लागतो आणि "नको" म्हणतो. पण पंगतीत ताटावर आडवा धरलेला हात चुकवून जिलबी वाढण्याची ज्या समाजाची परंपरा आहे, तिथे दीड वर्षाच्या माणसाचा नकार कोण मनावर घेणार?

भरवण्याचा कार्यक्रम ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. वाटीत गुरगुट्या भात, त्यावर वरण, त्यावर तूप. पहिले चार घास पोर स्वतःहून आ करून घेतं, कारण त्याला खरोखर भूक असते. पाचव्या घासाला ते तोंड फिरवतं. याचा सरळ अर्थ पोट भरलं असा आहे, पण घरात त्याचा अर्थ "नखरे सुरू झाले" असा लावला जातो. मग चिऊ येते, काऊ येतो. पक्षी संपले की नातेवाईक सुरू. हा मामाचा, हा आत्याचा, हा पुण्याच्या आजोबांचा. ज्या घराचा गोतावळा मोठा, त्या घरातलं पोर जास्त जेवतं, हे उघड आहे. ज्या काकाशी वाटणीवरून बोलणं बंद असतं त्याचा घास मात्र वगळला जातो. शेतजमिनीच्या भांडणाचा बालआरोग्याला झालेला एवढाच एक फायदा माझ्या पाहण्यात आहे.

नातेवाईक संपले की मोहीम घराबाहेर निघते. आधी गॅलरी, मग जिना, मग सोसायटीचं आवार. पुढे पोर, मागे वाटी घेतलेली आजी, आणि त्या दोघांच्या मागे आशाळभूतपणे चालणारं सोसायटीचं कुत्रं. त्या तिघांमध्ये भुकेलं कोण आहे हे कुणीही सांगेल, पण घास काही त्याच्या वाट्याला येत नाही. पूर्वी पोराला चंद्र दाखवायचे. चंद्राची अडचण अशी की तो रोज एका वेळेला उगवत नाही आणि अमावास्येला तर येतच नाही. मोबाइलला अमावास्या नाही. पडद्यावर एखादा निळा हत्ती नाचायला लागला की पोराचं तोंड आपोआप उघडतं, घास आत जातो, तोंड मिटतं, पुन्हा उघडतं. आई समाधानाने सांगते, "बघा, मोबाइल लावला की कसं शहाण्यासारखं खातो." तो शहाण्यासारखा खात नसतो. त्याला खाल्ल्याचा पत्ताच नसतो. पोटाने "पुरे" असा निरोप पाठवलेला असतो, पण मालक हत्ती बघण्यात गुंतलेला असल्यामुळे निरोप घ्यायला कुणी नसतं.

आजीला मात्र हसू नये. जिने 1972च्या दुष्काळात रेशनवरच्या मिलोच्या लालसर भाकऱ्या थापल्या, दुष्काळी कामावरून मिळालेली सुकडी पदरात बांधून घरी आणली, तिला पोराच्या गालावरचं बाळसं म्हणजे काय हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्या काळात लठ्ठपणा हा पोरांचा आजार नव्हता, हडकुळेपणा होता. म्हणूनच तर महिला मंडळांतून, गणेशोत्सवातून सुदृढ बालक स्पर्धा होत. आया बाळांना तीट लावून, नवीन टोपडं घालून रांगेत उभ्या. परीक्षक म्हणून गावातले डॉक्टर. ते वय बघत, वजन बघत, लस टोचली का विचारत, पण प्रेक्षकांचा निकाल आधीच लागलेला असे. ज्या बाळाच्या मांडीला जास्त वळ्या, ते पहिलं. त्या बक्षिसाचा फोटो पुढे तीस वर्षं दिवाणखान्यात राही, आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणारा विजेता त्याच्याखाली बसून पाहुण्यांना चहात साखर किती घालू म्हणून विचारी.

तेव्हाची भीती खोटी नव्हती, आजही नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची 35.5 टक्के भारतीय मुलं वयाच्या मानाने बुटकी, म्हणजे दीर्घकाळ कुपोषित निघाली. त्याच सर्वेक्षणात जादा वजनाची मुलं 3.4 टक्के, आधीच्या फेरीत ती 2.1 होती. आकडा लहान आहे, चाल मात्र वरची आहे. एकाच देशात, कधीकधी एकाच गल्लीत, एका घरी पोराला पुरेसं मिळत नाही आणि शेजारच्या घरी त्याला पुरे म्हणू देत नाहीत. मी बोलतोय ते दुसऱ्या घराबद्दल.

या घरात सगळ्यांचं लक्ष वाटीकडे असतं. पोराकडे किती असतं, हे अमेरिकेत मोजून झालंय. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या सारा अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली 977 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही मुलं 1991 साली जन्मलेली. ती दुडदुडत चालण्याच्या वयात असताना आई आणि मूल खेळतानाचं चित्रण केलेलं होतं. त्यात दोनच गोष्टी बघायच्या होत्या. मूल घाबरलं तर आईकडे येतं का आणि आल्यावर शांत होतं का. आणि मुलाला काय हवंय ते आईला ओळखू येतं का. मग पोरं पंधरा वर्षांची झाल्यावर त्यांची वजनं घेतली. ज्यांचं आईशी सूत सगळ्यात कमी जमलं होतं त्यांच्यातली 26.1 टक्के लठ्ठ निघाली. ज्यांचं उत्तम जमलं होतं त्यांच्यात हे प्रमाण 13 टक्के होतं. म्हणजे निम्मं. आणि त्या नात्याच्या मोजमापात किती खाल्लं, काय खाल्लं, वाटी संपवली का, हा रकानाच नव्हता.

हेच चित्रण आपल्याकडे केलं असतं तर काय दिसलं असतं याचा मी विचार करून पाहिला. पोर लाल ठोकळा आईच्या हातात देतं. त्याला एवढंच म्हणायचं असतं की हा लाल आहे आणि मला आवडला. आई म्हणते, "कोणता कलर आहे हा? बोल, रेड! काकांना सांग, रेड!" पोर गप्प. "घरी सांगतो हो बरोबर, आज लाजतोय. भूक लागली असेल."

नात्याचा आणि वजनाचा संबंध कसा लागतो यावर संशोधकांचं म्हणणं असं की ताण, झोप आणि भूक या तिन्हींचा कारभार मेंदूत अगदी शेजारी-शेजारी चालतो. घाबरल्यावर कुणीतरी जवळ घेतं आणि बरं वाटतं, हे ज्या पोराला लहानपणी शंभर वेळा अनुभवाला येतं, ते पुढे स्वतःला सावरायला शिकतं. ज्याला रडल्यावर दर वेळी बिस्किटाचा पुडा मिळतो, ते पुडा शोधायला शिकतं. त्याचं पुढे अभ्यासाचं टेन्शन, मग नोकरीचं, मग गृहकर्जाचं; पुडा प्रत्येक वेळी सापडतो, कारण तो हल्ली दहा मिनिटांत घरपोच येतो.

माकडांच्या पिल्लांना हा फरक कळतो, हे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या हॅरी हार्लो यांनी 1958 मध्येच दाखवून दिलं होतं. प्रयोग निर्दय होता. पिल्लांना जन्मतःच आईपासून तोडलेलं. त्यांच्यासमोर दोन खोट्या आया ठेवल्या. एक नुसत्या तारांची, पण तिच्याकडे दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडात गुंडाळलेली, दूध नाही. पिल्लं तारेच्या आईकडे जात, दूध पीत आणि ताबडतोब परत येऊन कापडाच्या आईला बिलगत. उरलेला सगळा वेळ तिच्याकडेच. दुधाचं खातं वेगळं आणि मायेचं वेगळं, हे त्यांना न शिकवता समजलं. आपण मात्र दोन्ही एकाच वाटीत कालवून ठेवलेत. मूल परीक्षेत पहिलं आलं की पेढा, नापास झालं की समजूत काढायला आईस्क्रीम, पडलं की चॉकलेट, न पडता शहाण्यासारखं बसलं की त्याचंही चॉकलेट.

पण पोट कधी भरलं हे पोराला खरंच कळतं का? हा प्रश्न घेऊन क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टरबाई 1920च्या दशकात कामाला लागल्या. आधी क्लीव्हलंड, मग शिकागो. नुकती अंगावरून सुटलेली पंधरा बाळं. त्यांच्यापुढे ताटली ठेवायची, तीत वेगवेगळे साधे पदार्थ: धान्य, फळं, भाज्या, अंडी, दूध, मांस, मासे. परिचारिकेने हातात चमचा धरून शेजारी गप्प बसायचं. बाळाने एखाद्या पदार्थाकडे हात नेला तरच चमचा भरायचा. "हे खा" म्हणायचं नाही, "अरे वा" म्हणायचं नाही, वाटी पुढे सरकवायची नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही.

आता त्या परिचारिकेच्या जागी आपली आजी बसवून पाहा. चमचा हातात, तोंड बंद, समोर नातू, आणि नातू उकडलेल्या गाजराला हात न लावता फक्त संत्र्याचा रस पितोय. पहिल्या अर्ध्या मिनिटात तिची मांडी हलायला लागते. एका मिनिटात ती कुणालाही उद्देशून नाही असं म्हणते, "गाजर गोड असतं हो!" दोन मिनिटांत तिने डेव्हिसबाईंना माजघरात बोलावून विचारलं असतं, "तुम्हाला किती मुलं?" तिसऱ्या मिनिटाला प्रयोग बंद, पोराच्या तोंडात गाजर, आणि डेव्हिसबाईंच्या हातात चहा-पोहे.

तिकडे प्रयोग काही वर्षं चालला. बाळांनी मोठमोठ्या आहारतज्ज्ञांच्या अंगावर काटा यावा असं खाल्लं. कुणी न्याहारीला संत्र्याचा रस आणि कलेजी, कुणी रात्री अंडी, केळी आणि दूध. आठवड्याचा हिशेब मात्र बरोबर लागत गेला आणि सगळी धडधाकट वाढली. एका बाळाला मुडदूस होता. त्याच्यासमोर कॉड माशाच्या यकृताचं तेल ठेवलेलं असायचं, ते त्याने बरं होईपर्यंत स्वतःहून प्यायलं आणि मग सोडून दिलं. यावरून "मग पोराला काय हवं ते खाऊ दे" असा निष्कर्ष काढून वेफर्सचं पाकीट फोडणाऱ्या बाबांनी थांबावं. डेव्हिसबाईंनीच सांगून ठेवलंय की सगळी मेख यादीत होती. ताटलीत साखर नव्हती, मैदा नव्हता, पाकीट नव्हतं. ताटलीत काय ठेवायचं ते मोठ्यांनी ठरवलं; किती खायचं ते बाळांनी.

ही जन्मजात अक्कल आपण कधी घालवतो, त्याचाही साधारण अंदाज आहे. पेन्सिल्व्हेनियातल्या लीॲन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली पाळणाघरातल्या मुलांना दुपारच्या जेवणात मॅकरोनी-चीज कमीजास्त वाढून पाहिलं. साडेतीन वर्षांच्या आसपासची मुलं कितीही वाढलं तरी आपल्या भुकेएवढंच खात. पाच वर्षांच्या आसपासची मुलं जास्त वाढलं की जास्त खात. मधल्या दीड वर्षात पोटाचा कारभार पोटाकडून ताटाकडे गेलेला असतो. आपल्याकडे तो आणखी लवकर जात असावा, कारण "ताटात काही टाकायचं नाही" हा नियम आपल्याला पाठ असतो. नियम चांगलाच आहे. फक्त ताट वाढणारा एक आणि संपवणारा दुसरा असला की तो अन्नाचा मान राहत नाही, शिक्षा होते.

बर्चबाईंच्या याच गटाने 2006 मध्ये पोरांना सूप पाजून पाहिलं. एका वेळी "सूप संपव" म्हणून मागे लागायचं, दुसऱ्या वेळी काही बोलायचं नाही. मागे लागल्यावर पोरं कमी प्यायली आणि सुपाला नावं ठेवली ती वेगळीच. याउलट 1999च्या प्रयोगात एक खाऊ समोर ठेवला आणि हात लावायला मनाई केली, तर सगळ्यांचा जीव त्याच खाऊत अडकला. म्हणजे दुधीची भाजी बळजबरीने खायला लावून आणि लाडूचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवून आपण पिढ्यान्‌पिढ्या काय साधलं, ते स्पष्टच आहे. आज चाळिशीतला एकही मराठी माणूस दुधी स्वखुशीने विकत घेत नाही. आणि वरच्या फळीवर काय आहे ते त्याला न बघता सांगता येतं.

आता इथवर वाचून घरोघरी बोट कुणाकडे वळलं असेल ते मला दिसतंय. "बघ, मी म्हणत नव्हतो? तुझंच चुकतं." हा फार जुना खेळ आहे. हिल्डे ब्रूक या डॉक्टरबाईंनी 1940च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या लठ्ठ मुलांच्या घरांबद्दल लिहिलं, त्यात मायेच्या जागी अन्न देणाऱ्या आया होत्या, आणि तेव्हापासून मानसशास्त्राने पोराच्या कंबरेचा हिशेब आईच्या नावावर टाकला. ओहायोच्या अभ्यासातही कॅमेरा आईवरच होता. बाबा चित्रात नव्हते, म्हणून ते निर्दोष ठरत नाहीत. रविवारी सकाळी पोराला स्कूटरवर पुढे उभं करून वडापाव खाऊ घालायला नेणारे, आठवडाभर ऑफिसात अडकल्याची भरपाई शनिवारी पिझ्झाने करणारे, आणि "आईला सांगू नको हं" या एका वाक्यावर पितृत्व तोलून धरणारे बाबा कोणत्या अभ्यासात मोजायचे? शिवाय असे अभ्यास दोन गोष्टी एकत्र दिसतात एवढंच सांगतात. दोन नोकऱ्या, लोकलचा प्रवास, अपुरी झोप आणि मैदान नसलेली शाळा यांत पिचलेल्या आईला पोराच्या खाणाखुणा कमी दिसल्या, तर दोष तिच्या डोळ्यांचा आहे की सातच्या फास्ट लोकलचा?

आपल्या बाबतीत आणखी एक भानगड आहे, आणि ती पुण्यातच सापडली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. तिकडचं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, इकडचं 2.7 किलोचं. सगळंच कमी, चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. बारीक दिसणारं, पण आतून तुपाळलेलं. पुढे 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीने फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2. स्वतःची चरबी जगप्रसिद्ध नियतकालिकात जाहीर करणारा पुणेकर मी दुसरा पाहिला नाही. तेव्हा "आमचा कुठे जाड आहे, उलट वाळलाय" म्हणून जन्मतः लहान असलेल्या बाळाला घाईघाईने गुबगुबीत करायला निघालेल्यांनी त्या दोघांचा फोटो एकदा बघून घ्यावा.

बरं, यात करण्यासारखं काही आहे का? आहे, आणि ते करूनही पाहिलंय. पेन्सिल्व्हेनियातच 279 आई-बाळांच्या जोड्या घेतल्या. निम्म्यांच्या घरी परिचारिका गेल्या आणि त्यांनी शिकवलं काय, तर रडणारं बाळ दूध न देता कसं शांत करायचं, ते झोपाळलंय की भुकेलंय हे कसं ओळखायचं, आणि त्याने तोंड फिरवलं की थांबायचं कसं. उरलेल्यांना घरातल्या सुरक्षिततेचे धडे दिले. तीन वर्षांनी पहिल्या गटातल्या मुलांची वजनं उंचीच्या मानाने थोडी बेताची निघाली. फरक मोठा नव्हता, पण तो चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या गटांत दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने 2023च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळांना असंच, त्यांच्या खुणा बघून, भरवायला सांगितलंय.

तर आज रात्री एवढंच करून बघा. मोबाइल बाजूला ठेवा, पोराला आपल्या पंगतीत घ्या, ताटात काय असावं ते तुम्ही ठरवा आणि वाढा थोडंच. त्याने मागितलं तर आणखी द्या. तोंड फिरवलं तर वाटी खाली ठेवा, आणि आजीच्या हातातली दुसरी वाटीसुद्धा हळूच काढून घ्या. ते पोर सकाळपर्यंत उपाशी मरत नाही. भूक लागली की ते सांगेल; ते सांगतं तेव्हा साऱ्या इमारतीला ऐकू जातं.